परक्या छपराखालीं

वार्षिक स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ येऊं लागले कीं शाळेंतील हवाच पालटते. भूगोलाच्या तासाला कोणी हळूच संवाद घोकीत असतो, चित्रकलेच्या वर्गांत पुठ्ठ्याचे मुकुट वाळत पडलेले असतात, आणि ज्याला नाटकांत राजाचें काम मिळालें आहे तो घरच्या अभ्यासाविषयीं विचारलें असतां राजासारखाच गप्प बसतो. अशाच दिवसांत, कांहीं वर्षांपूर्वीं, नवी मुंबईंतील एका भाड्यानें घेतलेल्या सभागृहांत आमची रंगीत तालीम चालली होती. इयत्ता आठवींतील एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, मागचा दरवाजा उघडत नाहीं." मीं त्याला सांगितलें, "तुझें काम रंगमंचावर आहे. दरवाजांची काळजी सभागृहवाले घेतील." तो निमूटपणें परत गेला. दुसऱ्या दिवशीं कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, छायाचित्रें निघालीं. सामान उचलतांना मी सहज त्या दरवाजाकडे गेलों. त्याच्या दोन्ही कड्यांतून सांखळी ओवलेली होती, सांखळीला कुलूप होतें, आणि पुढें मोडक्या खुर्च्यांची उतरंड रचलेली होती. किल्ली कोणाकडे असें विचारतां पहारेकऱ्यानें सांगितलें कीं, ती दिवसपाळीच्या माणसाजवळ असते. आणि दिवसपाळीचा माणूस सहा वाजतांच घरीं गेला होता. त्या संध्याकाळीं सभागृहांत सुमारें चारशें माणसें होतीं.

त्या दिवशीं कांहीं पेटलें नाहीं. परंतु मीं त्या मुलाला दिलेलें उत्तर मात्र माझ्या मनांतून गेलें नाहीं. सभागृहवाले काळजी घेतील असें मीं मानलें. सभागृहवाल्यांनीं मानलें असेल कीं, चारशें माणसें बोलावणारी शाळा आपली माणसें आपण सांभाळील. मांडववाल्यानें मानलें कीं, आपलें काम पडदे बांधण्याचें. असें प्रत्येकानें दुसऱ्यावर सोपविलेलें काम अखेर कोणाचेंच राहत नाहीं. विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं या गोष्टीचा थोडा विचार करावा, म्हणून हा लेख लिहीत आहें.

आपल्या शहरांत या विचाराची गरज विशेष आहे. नवी मुंबई हें वयानें लहान शहर. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली आणि महानगरपालिका १९९२ सालीं आली. जुन्या गांवांत देवळाचा सभामंडप असतो, चावडी असते, एखादा मोठा वाडा असतो. तेथें कोठून शिरावें आणि कोठून निघावें हें लहान मुलालाहि न सांगतां ठाऊक असतें. येथें सातारा, रत्नागिरी, केरळ, बंगाल, आंध्र अशा नाना ठिकाणांहून आलेलीं कुटुंबें एकत्र नांदतात आणि त्यांचे उत्सव भाड्याच्या जागेंत होतात. समाजमंदिर, सोसायटीचा हॉल, शाळेचें सभागृह, वाशीचें विष्णुदास भावे नाट्यगृह, नाहींतर मैदानावर उभारलेला मांडव. एकाच हॉलांत सकाळीं योगाचा वर्ग, दुपारीं महिला मंडळाचें हळदीकुंकू, संध्याकाळीं भजन आणि दुसऱ्या दिवशीं कोणाचें तरी बारसें. आलेला प्रत्येक जण तेथें चार तासांचा पाहुणा असतो, आणि पाहुण्याला घराचें मागचें दार माहीत नसतें.

या विषयांत आपल्या देशानें शिकलेला सर्वांत कठोर धडा एका शाळेच्या समारंभांतूनच आला. हरियाणांतील सिरसा जिल्ह्यांत मंडी डबवाली नांवाचें गांव आहे. तेथें २३ डिसेंबर १९९५ रोजीं एका शाळेचा वार्षिक पारितोषिक समारंभ लग्नकार्यासाठीं भाड्यानें मिळणाऱ्या एका जागेंत भरला होता. जागेला भोंवतालीं भिंत, आणि वर कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मोठा शामियाना ताणलेला. बाहेर पडण्यास मुख्य दरवाजा एकच. मुलें, त्यांच्या आया, धाकटीं भावंडें, शिक्षक अशी मोठी गर्दी आंत दाटली होती. दुपारीं कार्यक्रम रंगांत आला असतां दरवाजाच्या बाजूसच विजेच्या तारांतून आग लागली. म्हणजे ज्या दिशेनें पळावयाचें त्याच दिशेनें आग आली. छताचें कापड पाहतां पाहतां पेटलें आणि वितळून जळत्या थेंबांनीं खालीं बसलेल्यांवर पडूं लागलें. सर्व कांहीं थोड्या मिनिटांत संपलें. चारशेंहून अधिक माणसें मरण पावलीं. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलें होतीं. कित्येक घरांत आई आणि मूल दोघेंहि परत आलीं नाहींत.

पुढें चौकशी झाली आणि खटला पुष्कळ वर्षें चालला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें २००९ सालीं भरपाईचा निर्णय दिला, तेव्हां तिचा भार एका बाजूला समारंभाच्या व जागेच्या चालकांवर आणि दुसऱ्या बाजूला राज्य सरकार व त्याच्या खात्यांवर असा वांटून टाकला. जागा आमची नव्हती, असें म्हणून शाळेला सुटतां आलें नाहीं. आणि समारंभ आमचा नव्हता, असें म्हणून सरकारलाहि सुटतां आलें नाहीं. मीं आठवींतल्या त्या मुलाला जें उत्तर दिलें होतें, त्याला न्यायालयानें दिलेलें हें प्रत्युत्तरच म्हणावयाचें.

आपल्या राज्याचा कायदाहि याच दिशेनें बोलतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या लांबलचक नांवाच्या कायद्यानें ही जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्यावर ठेविली आहे. आगीशीं झुंजण्याचीं साधनें चालू स्थितींत आहेत असा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, घ्यावा लागतो. तेव्हां सभागृह ठरवितांना भाडें, खुर्च्या आणि चहाची सोय यांबरोबरच त्या दाखल्याची तारीखहि विचारावी. असें विचारण्यास लोक संकोचतात. आपण मालकावर अविश्वास दाखवितों कीं काय, असें त्यांना वाटतें. परंतु भाड्यानें बस ठरवितांना तिचे ब्रेक चालतात का हें विचारण्यांत कोणी संकोच मानीत नाहीं.

आतां दरवाजाकडे वळूं. येथें गणिताच्या तासाला शोभेल असा एक हिशेब आहे. एका माणसाच्या खांद्यांना सुमारें अर्धा मीटर रुंदी लागते. म्हणून बाहेर पडण्याची वाट अर्ध्या मीटरच्या पट्ट्यांनीं मोजण्याची रीति होती. शांतपणें चालणारीं माणसें सपाट जमिनीवरील अशा एका पट्ट्यांतून मिनिटाला साठाच्या आसपास बाहेर पडतात. दरवाजा एक मीटर रुंद असला तर पट्टे दोन, म्हणजे मिनिटाला एकशें वीस माणसें. आमच्या चारशें माणसांना एका दरवाजानें तीन मिनिटें वीस सेकंद लागलीं असतीं. मागचा तेवढाच दरवाजा उघडा असता तर वेळ निम्म्यावर आला असता. डबवालीचा शामियाना जळण्यास किती अवधि लागला हें वर सांगितलेंच आहे. शिवाय हा हिशेब शांतपणें चालणाऱ्यांचा आहे. लोक ढकलूं लागले, एखादी म्हातारी उंबऱ्याशीं अडखळली, दोघे जण एकदमच चौकटींत शिरूं लागले, कीं साठाचे तीस होतात आणि तिसाचे शून्यहि होतात. ज्यांना हें खोटें वाटेल त्यांनीं मधल्या सुटीची घंटा झाल्यावर आपल्याच वर्गाच्या दाराशीं घड्याळ घेऊन उभें राहावें.

दार कोणत्या बाजूस उघडतें हाहि प्रश्न लहान नाहीं. इंग्लंडांतील संडरलँड शहरीं व्हिक्टोरिया हॉल नांवाच्या सभागृहांत १६ जून १८८३ रोजीं मुलांसाठीं करमणुकीचा खेळ ठेविला होता. खेळाच्या शेवटीं बक्षिसें वांटूं लागतांच वरच्या सज्जांतील मुलें, आपल्याला कांहीं उरणार नाहीं या भीतीनें, जिन्यावरून खालीं धांवलीं. जिन्याच्या पायथ्याचा दरवाजा आंतल्या बाजूस उघडणारा होता, आणि एका वेळीं एकच मूल जाईल एवढी फट ठेवून त्याला खिटी घातलेली होती. पुढचीं मुलें अडकलीं, मागचीं त्यांच्यावर कोसळलीं, आणि १८३ मुलें गुदमरून गेलीं. तेथें आगीची एक ठिणगीहि नव्हती. नुसती ढकलतांच उघडणारी आडवी दांडी आज पुष्कळ चित्रपटगृहांच्या दारांवर दिसते. तिच्या प्रसारामागें अशाच दुर्घटनांची आठवण आहे. आपल्या हॉलचें दार आंत उघडणारें असेल तर तें पाडून नवें बसविणें भाडेकरूच्या हातीं नसतें. परंतु कार्यक्रम चालू असेतोंपर्यंत दोन्ही फळ्या पूर्ण उघड्या ठेवून मागें हुकास अडकविणें मात्र त्याच्या हातीं असतें.

माणसें आगीनें मरतात असें आपण म्हणतों, पण बहुधा तीं धुरानें मरतात. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत १३ जून १९९७ रोजीं आग खालच्या मजल्यावर विजेच्या ट्रान्सफॉर्मरशीं लागली आणि वर सज्जांत बसलेले प्रेक्षक धुरानें कोंडले. ५९ जण गेले. सज्जांत जास्त तिकिटें खपावीं म्हणून ज्यादा खुर्च्या बसविल्या होत्या आणि त्यापायीं बाहेर पडण्याची एक वाट बुजली होती. मुंबईंत कमला मिलच्या आवारांत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीं गच्चीवरील उपाहारगृहें पेटलीं, तेव्हां १४ जण मृत्युमुखीं पडले. त्यांतील कित्येक जण आसरा म्हणून स्वच्छतागृहांत शिरले होते. स्वच्छतागृहाला दुसरें दार नसतें, हें धुरांत आठवत नाहीं.

धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु रक्तांतील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाहीं आणि वासहि नाहीं. ओला रुमाल नाकाशीं धरल्यानें काजळी अडते, हा वायु अडत नाहीं. तेव्हां रुमाल भिजविण्यासाठीं पाणी शोधीत वेळ दवडूं नये. तप्त धूर वर चढतो आणि जमिनीलगत कांहीं काळ बरी हवा राहते, म्हणून वांकून किंवा रांगत दाराकडे जावें.

उघड्या वाटांनीं काय साधतें याचें एक समाधानकारक उदाहरणहि आपल्याजवळच आहे. मुंबईंत गिरगांव चौपाटीवर १४ फेब्रुवारी २०१६ रोजीं 'मेक इन इंडिया' सप्ताहांतील महाराष्ट्र रजनीचा कार्यक्रम चालू होता. लावणी नृत्य चाललें असतां रंगमंचाला आग लागली आणि तो भव्य रंगमंच सर्वांच्या डोळ्यांदेखत जळून गेला. हजारों प्रेक्षक, मंत्री, नट, कलावंत असे सर्व बाहेर काढण्यांत आले. एकहि मनुष्य दगावला नाहीं. जागा मोकळी होती आणि अग्निशमन दलाचीं माणसें व गाड्या आधींपासून तेथें उभ्या होत्या. आग दोन्हीकडे लागली, डबवालींतहि आणि चौपाटीवरहि. फरक पडला तो वाटांचा आणि तयारीचा.

रंगमंच म्हणजे तरी काय? लाकडी फळ्या, कापड, रंग, पुठ्ठा, आणि त्यांच्या अगदीं जवळ टांगलेले तापलेले दिवे. राजर्षि शाहू महाराजांच्या पुढाकारानें १९१५ सालीं उभें राहिलेलें कोल्हापूरचें नाट्यगृह, ज्याला पुढें संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव मिळालें, तें ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. शंभरांहून अधिक वर्षें जपलेली वास्तु एका रात्रींत गेली.

आमच्या संमेलनांत आम्ही काय करीत होतों तें आतां प्रामाणिकपणें सांगतों. भिंतींतील सहा अँपिअरच्या एका खोबणींत एक मल्टिप्लग खोंवून त्यावर पांचपांचशें वॅटचे तीन हॅलोजन दिवे लाविले होते. पदार्थविज्ञान शिकणाऱ्यांनीं गुणाकार करावा. २३० व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे १,३८० वॅट. आणि आमचे दिवे १,५०० वॅट. वर ध्वनिवर्धकाची तारहि तेथूनच घेतलेली. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. ती तार सतरंजीखालून नेली होती, कारण उघडी तार छायाचित्रांत वाईट दिसते. झांकलेल्या तारेची उष्णता बाहेर जात नाहीं, ती सतरंजींत सांठते. एमसीबी खालीं पडूं नये म्हणून तो हातानें दाबून धरणारे महाभागहि मीं पाहिले आहेत. जो पहारेकरी आपल्याला सावध करण्यासाठीं हांक मारतो त्याचें तोंड बांधण्यासारखेंच हें झालें.

मांडव घालावयाचा असेल तर कापड सुती आहे कीं कृत्रिम धाग्याचें, हें मांडववाल्यास विचारावें. सुती कापड जळून त्याची राख होते. पॉलिएस्टर, नायलॉन यांचें कापड वितळतें आणि त्याचे पेटते थेंब अंगाला चिकटतात. तात्पुरत्या मांडवांविषयीं भारतीय मानक ब्यूरोचें आयएस ८७५८ हें मानक आहे. त्यांत कृत्रिम कापड व दोर वापरूं नयेत आणि मांडव विजेच्या चालू तारांखालीं घालूं नये असें सांगितलें आहे. अमोनियम सल्फेट, टाकणखार, बोरिक आम्ल, तुरटी इत्यादींच्या द्रावणांत भिजवून वाळविलेलें सुती कापड सहजासहजीं पेट घेत नाहीं. वरच्या इयत्तांतील मुलांनीं प्रयोगशाळेंत शिक्षकांच्या देखत दोन चिंध्यांवर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. मात्र एक पाऊस पडला कीं हे क्षार धुऊन जातात, आणि आपल्याकडील गणेशोत्सव तर ऐन पावसांतच येतो.

स्वयंपाकाविषयीं थोडेंच लिहितों. आचाऱ्याची शेगडी आणि गॅसचे सिलिंडर मांडवाबाहेर, आणि बाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर. तेलाच्या कढईला आग लागली तर तिच्यावर पाणी ओतूं नये. शेगडी बंद करून झांकण घालावें. विजेच्या आगीवरहि पाणी चालत नाहीं. आधीं मेन स्विच बंद करावा. तो स्विच कोठें आहे हें कार्यक्रमाच्या दिवशीं निदान दोघांना तरी ठाऊक असलें पाहिजे. लाल रंगाचें अग्निशामक नळकांडें भिंतीवर दिसलें म्हणजे निश्चिंत होऊं नये. त्यावरील दाबाचा कांटा हिरव्या पट्ट्यांत आहे का तें पाहावें. तें वापरतांना आपली पाठ दाराकडे असावी, म्हणजे आग आटोपली नाहीं तर मागें सरून निघतां येतें.

आणखी एक गोष्ट खास आपल्या शहराची. नवी मुंबईंत सेक्टरचे आंकडे प्रत्येक उपनगरांत पुन्हां एकपासून सुरू होतात. वाशीलाहि सेक्टर दहा आहे आणि नेरूळलाहि सेक्टर दहा आहे. घाबरलेला मनुष्य १०१ वर दूरध्वनि करून "सेक्टर दहा, लवकर या" एवढेंच म्हणाला, तर बंब कोणीकडे धाडावा? म्हणून उपनगर, सेक्टर, भूखंडाचा क्रमांक आणि जवळची ठळक खूण असा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो ध्वनिवर्धकाच्या टेबलावर चिकटवावा. हें काम पांचवींतील मुलगीहि करूं शकते, आणि तिचें अक्षर बहुधा आमच्यापेक्षां चांगलें असतें.

मुंबई बंदरांत १४ एप्रिल १९४४ रोजीं फोर्ट स्टिकिन या जहाजावर लागलेली आग विझवितांना स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या दिवसांत परीक्षा असतात हें खरें. पण आपल्या सोसायटीच्या किंवा मंडळाच्या चिटणिसांनीं जवळच्या अग्निशमन केंद्राला पत्र लिहून प्रात्यक्षिकाची विनंति करावी, असें पालकांना सुचवावेंसें वाटतें.

गेल्या संमेलनाच्या वेळीं आम्हीं जागा ठरविण्यापूर्वीं व्यवस्थापकांना पत्र लिहिलें आणि दरवाजे किती, किल्ल्या कोणाकडे, माणसें किती बसतात, दाखला कोणत्या तारखेचा, असें विचारलें. उत्तर येण्यास आठ दिवस लागले, पण आलें. तीनशें पन्नास माणसें बसतात असें कळल्यावर आम्हीं निमंत्रणपत्रिका तेवढ्याच छापल्या, आणि त्यामुळें कांहीं आजोबा-आजी रुसले, हेंहि नमूद केलें पाहिजे. मधल्या वाटेंत एकहि ज्यादा खुर्ची टाकूं दिली नाहीं. पडदा उघडण्यापूर्वीं निवेदिकेनें पाहुण्यांच्या स्वागताआधीं बाहेर पडण्याच्या वाटा हातानें दाखविल्या. प्रेक्षकांत थोडें हंसूं पिकलें, पण माना त्या त्या दिशेनें वळल्या. रंगपटांत किती मुलें आहेत याची यादी एका शिक्षिकेच्या हातीं होती. प्रत्येक दरवाजाशीं एक मोठा विद्यार्थी उभा केला होता.

मागच्या दरवाजाचें काम त्याच मुलानें मागून घेतलें. तो आतां दहावींत आहे. नाटकांतील भूमिका त्याला देऊं केली होती, ती त्यानें घेतली नाहीं. कुलूप काढून त्यानें तें खिशांत ठेविलें, सांखळी गुंडाळून कोपऱ्यांत ठेविली, आणि दोन्ही फळ्या उघडून पाहिल्या. बाहेरच्या पायरीशीं कोणी मोटारसायकल लावून गेलें होतें. तिचा मालक शोधून काढून ती हलवीपर्यंत पहिला अंक संपला.